पाकटाचा काटा आणि आमची संदर्भयादी

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये केसपेपर जपून ठेवावे लागतात, किस्से मात्र आपोआप राहतात. केसपेपर काही वर्षांनी रद्दीत जातात, किश्शांना कोणी हात लावत नाही. वर एखादा जुना माणूस बाजारात भेटतो, "सुलभाताई, दामल्यांच्या दुकानाचं ते सांगा ना!" म्हणतो, आणि मी ते सांगून होईपर्यंत तोच मला दुसरा एक आठवून देतो. असा ढीग वाढतच जातो.

तर मी सुलभा. रत्नागिरीतल्या एका छोट्या हॉस्पिटलची रेकॉर्ड रूम मी पंचवीसेक वर्षं सांभाळली. टायपिंग चांगलं होतं, म्हणून १९९८च्या सुमारास डॉक्टरांचे पेपर टाइप करण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. पेपर म्हणजे वैद्यकीय नियतकालिकात छापायला पाठवायचे लेख. आमच्याकडे हा नाद दोघांना होता. एक सर्जन, डॉ. विद्वांस. दुसऱ्या फिजिशियन, डॉ. रेहाना मुकादम. दर गुरुवारी दुपारी ओपीडी संपली की दोघं माझ्या खोलीत येऊन बसायचे आणि माझ्या टेबलावर चहाचे डाग पाडून जायचे.

पेपरात सगळ्यात चिवट काम कोणतं, माहितेय? शेवटची संदर्भयादी! तुम्ही जे जे म्हणता ते कुठून घेतलंत, ते नंबर घालून लिहायचं. एक स्वल्पविराम चुकला तरी संपादक पेपर परत पाठवणार. त्यात नेमकं तेव्हाच इंटरनेट आलं, आणि वेबसाइटचा संदर्भ कसा द्यायचा हे रत्नागिरीत कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगू? मोठ्या शहरांतसुद्धा फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. आम्ही निदान विचारत तरी होतो.

*

सगळं सुरू झालं ते एका बालदीपासून.

एका दुपारी मिरकरवाड्याच्या बंदरावरून रिक्षात घालून एका खलाशाला आणलं. जाळं झाडताना त्याच्या पायात पाकटाचा काटा घुसला होता. पाकट म्हणजे तो चपटा, पंख्यासारखा मासा. त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो. धिप्पाड गडी, पण लहान मुलासारखा ओरडत होता. डॉक्टर विद्वांसांनी इंजेक्शन दिलं, तरी ओरडणं थांबेना.

त्याच्याबरोबर आलेला म्हातारा दाराशी उभा होता. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. इब्राहीम होडेकर. सगळं बंदर त्यांना चाचा म्हणायचं. ते सिस्टरला म्हणाले, "बाय, बालदीत कढत पानी आण."

सिस्टरनं डॉक्टरांकडे पाहिलं. दुसरा कोणी सर्जन असता तर "बाहेर बसा" म्हणाला असता. आमचे डॉक्टर म्हणाले, "आणा."

चाचांनी बालदीत हात घातला, थोडं गार पाणी ओतलं, पुन्हा हात घातला आणि मग त्या गड्याचा पाय त्यात सोडला. थोड्या वेळानं ओरडणं कण्हण्यावर आलं. आणखी थोड्या वेळानं गडी म्हणाला, "चाय मिळंल काय?"

डॉक्टरांनी नंतर जखम उघडून काट्याचा तुकडा काढला, टाके घातले, सगळं रीतसर केलं. पण हात धुताना त्यांनी चाचांना विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"शिकायचा काय त्यात? बापाजवळनं. त्यानं त्याच्या बापाजवळनं."

डॉक्टर तडक माझ्या खोलीत आले. "सुलभाताई, यावर पेपर लिहायचा. आणि संदर्भयादीत त्यांचं नाव आलंच पाहिजे!"

"कोणाचं? रिक्षावाल्याचं?" मी म्हटलं.

"इब्राहीम होडेकरांचं! ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव नाही लिहायचं, तर संदर्भ म्हणजे दुसरं काय?"

पुढची काही वर्षं आमचं सगळं घोडं या एका हट्टापाशी अडलं होतं. अमुक एक पेपर छापून यावा असं कोणालाही वाटतं. आमच्या डॉक्टरांना तो अमुक एका नावानिशी छापून यायला हवा होता.

*

नावाचं पुढे पाहू, आधी बाकीचे संदर्भ तर जमवू, असं ठरलं. पूर्वी यासाठी मुंबईच्या एखाद्या लायब्ररीत ओळखीच्या माणसाला पत्र लिहायचं, त्यानं झेरॉक्स काढायची आणि एसटीच्या पार्सलनं पाठवायची, असा मामला होता. पार्सल चिपळूणला उतरून राहिलं तर पेपर महिनाभर मागे. आता स्टँडसमोर दामल्यांनी सायबर कॅफे काढला होता.

दामले म्हणजे मूळचे टायपिंग इन्स्टिट्यूटवाले. मग एसटीडी बूथवाले, मग झेरॉक्सवाले, आणि आता हे. दुकानावरची जुनी पाटी त्यांनी काढली नव्हती. नव्या पाटीसाठी वरती जागा केली होती एवढंच. टेलिफोनच्या तारेवर मोडेम चालायचं आणि जोडलं जाताना असा आवाज काढायचं की रस्त्यावरचं कुत्रं कान टवकारायचं.

डॉक्टर विद्वांसांना तिथे एका परदेशी वेबसाइटवर विषारी माशांबद्दलचं पान सापडलं. आनंदानं त्यांनी स्वतःच्या हातानं आयुष्यातला पहिला इंटरनेट संदर्भ लिहिला आणि मला टाइप करायला दिला. त्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर असा: 'विषारी मासे. संगणकावर पाहिले. दामले यांचे दुकान, एसटी स्टँडसमोर, रत्नागिरी.'

मला तरी काय कळत होतं! मी टाइप केलं.

चालेल का हे विचारायला कच्ची यादी आधीच संपादकांना पाठवली. त्यांचं पत्र आलं. "संदर्भ क्रमांक चारमध्ये वेबसाइटचा पत्ता द्यावा. दुकानाचा पत्ता देण्याची आवश्यकता नाही."

डॉक्टर चिडले. "का नाही? पुस्तकाचा संदर्भ देताना प्रकाशकाचं गाव लिहितात की नाही? मग दामल्यांनीच काय घोडं मारलंय?"

ही बातमी दामल्यांपर्यंत पोचली तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. "डॉक्टर," ते म्हणाले, "निदान फोन नंबर तरी घालून बघा हो!"

*

वेबसाइटच्या संदर्भात आणखी एक गोष्ट लिहावी लागते. पान कोणत्या तारखेला पाहिलं ते. कारण वेबसाइटवरचा मजकूर उद्या बदलू शकतो. पुस्तक तसं करत नाही. कपाटात ठेवलं की बिचारं तसंच राहतं.

हे कळल्याबरोबर मी एक वही घातली. वहीवर लेबल लावलं, 'पाहिल्याची वही'. कोणी, काय, कधी पाहिलं, सगळं त्यात. रेकॉर्ड कीपरचा हात आहे, नोंद केल्याशिवाय राहवत नाही.

एका बुधवारी रेहाना मॅडम दामल्यांकडे एक लांबलचक पान उघडून बसल्या. ते पान वरून खाली, एकेक पट्टी करत उतरत होतं. अर्ध्यावर आलं आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा गेल्या आणि उरलेलं वाचून आल्या.

"तारीख कोणती घालू?" मी विचारलं.

मॅडम अतिशय प्रामाणिक बाई. इतक्या की थर्मामीटरसुद्धा त्यांच्यासमोर खोटं बोलत नसावा. त्या विचार करून म्हणाल्या, "जे खरं आहे ते लिहा."

म्हणून आम्ही लिहिलं: 'पानाचा वरचा अर्धा भाग बुधवारी पाहिला, खालचा अर्धा गुरुवारी.' दोन्ही तारखांसकट!

संपादकांचं उत्तर आलं, "एक तारीख पुरेशी आहे." आणि त्याखाली पेनानं, बहुधा स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं, "तुमच्या गावी विजेची परिस्थिती कशी आहे?"

मॅडमनी त्यालाही सविस्तर उत्तर पाठवलं.

*

पुढे त्याच संपादकांनी कळवलं की वेबसाइटच्या पानांच्या छापील प्रती तुमच्याजवळ जपून ठेवा, कधी शंका आली तर मागवू. आता प्रत जपून ठेवायची म्हटल्यावर आपल्याकडे सरळमार्गी माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. ती माझ्या डोक्यात आली.

"डॉक्टर, या प्रती अटेस्ट करून घेऊ या. राजपत्रित अधिकाऱ्याची सही, गोल शिक्का. मग कोण शंका घेतोय बघते!"

डॉक्टरांना कल्पना पसंत पडली. जवळ राहणारे राजपत्रित अधिकारी म्हणजे जनावरांचे सरकारी डॉक्टर, परांजपे. शाळा-कॉलेजातल्या निम्म्या रत्नागिरीच्या मार्कशीटवर त्यांची सही. मी प्रिंटआउट घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट पाहिला आणि हात पुढे केला.

"मूळ प्रत?"

"मूळ प्रत इंटरनेटवर आहे," मी म्हटलं.

"मग दाखवा. मूळ प्रत पाहिल्याशिवाय मी सत्यप्रत म्हणून सही करत नाही. तुमची असो नाहीतर कलेक्टरची."

तुम्ही हसाल, पण आम्ही त्यांना दामल्यांकडे नेलं. परांजपे खुर्ची ओढून बसले, डावीकडे स्क्रीन, उजवीकडे कागद, आणि बोट ठेवून एकेक ओळ ताडून पाहायला लागले. दामले मागे कपाळाला हात लावून उभे. तिसऱ्या परिच्छेदाशी परांजप्यांचं बोट थांबलं.

"मी सही करणार नाही. मूळ प्रतीत हे वाक्य वेगळं आहे."

आम्ही सगळे स्क्रीनवर वाकलो. खरंच! प्रिंटआउट काढल्यापासून त्या दिवसापर्यंत वेबसाइटवाल्यांनी औषधाच्या डोसचं वाक्य बदललं होतं. जुना डोस आमच्या पेपरात तसाच छापून गेला असता.

डॉक्टर विद्वांसांनी तिथेच परांजप्यांचे दोन्ही हात धरले. परांजपे मात्र शांत. "त्यात काय एवढं," म्हणाले, "म्हशीचं वय लिहितानासुद्धा मी दात बघितल्याशिवाय सही करत नाही."

तेव्हापासून आमच्या हॉस्पिटलात नियम झाला. पेपर पाठवायच्या दिवशी प्रत्येक वेबसाइट पुन्हा उघडायची आणि बोट ठेवून वाचायची. पुढे नवीन आलेले डॉक्टर या नियमाला 'परांजपे करणं' म्हणायला लागले. मला या नियमाचा आजही अभिमान वाटतो. भल्या भल्या कॉलेजांत तेव्हा एवढी काळजी कोणी घेत नव्हतं.

*

याचा पुरावाही आहे. एकदा एका मोठ्या शहरात परिषद होती. आमच्यातर्फे रेहाना मॅडम गेल्या. मी त्यांच्याबरोबर होते, कारण त्यांच्या स्लाइड्स माझ्या पिशवीत होत्या.

तिथले एक नावाजलेले सर माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर बोलले. काय त्या स्लाइड्स! काय ते रंग! शेवटी संदर्भ म्हणून एक वेबसाइट दाखवली आणि जाता जाता म्हणाले, "आता इंटरनेटमुळे हे ज्ञान अगदी रत्नागिरीतसुद्धा पोचलंय!"

सभागृह हसलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या. त्यांनी पदर सारखा केला की मला समोरच्या माणसाची कीव येते.

"सर, या पानाचा लेखक कोण?"

"लेखक? इंटरनेटवरची माहिती आहे ती."

"पान तयार कोणी केलंय?"

सर स्लाइडकडे बघायला लागले.

"मी पाहिलंय ते पान," मॅडम म्हणाल्या. "अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलंय. या कॅप्सूल विकणाऱ्या कंपनीचंच पान आहे ते. सर, आमच्या मिरकरवाड्यात बांगडासुद्धा कोणाच्या होडीतला आहे ते विचारून घेतात!"

यावेळी सभागृह जास्त हसलं. परतीच्या गाडीत खेड येईपर्यंत मी सगळ्या डब्याला हा किस्सा दोनदा सांगितला. मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण हसत होत्या हे मला दिसत होतं.

*

आता पुन्हा चाचांकडे येते.

पाकटाचा पेपर लिहून झाला. केस जमवायला वेळ लागला, कारण डॉक्टरांनी काट्याचा एकेक रुग्ण स्वतः तपासून, नोंदवून ठेवला होता. संदर्भयादीत त्यांनी शेवटी लिहिलं, 'इब्राहीम होडेकर, मच्छीमार, मिरकरवाडा, यांनी प्रत्यक्ष सांगितलेली माहिती.'

पेपर परत आला. संपादक सौजन्यानं लिहीत होते. प्रत्यक्ष बोलणं संदर्भयादीत घेता येत नाही, वाचकाला ते तपासता येत नाही. गरम पाण्याचा उपचार परदेशी वेबसाइटवर आहेच, तोच संदर्भ द्यावा. मच्छीमारांच्या नावाचा उल्लेख गाळावा.

डॉक्टरांनी पत्र वाचून टेबलावर ठेवलं. पंधरा मिनिटं चहाला हात लावला नाही. मग म्हणाले, "सुलभाताई, शिकलो मिरकरवाड्यात आणि लिहू परदेशी पानावर वाचलं म्हणून? हे खोटं होईल. नाही छापला पेपर तर नाही छापला."

मी त्यांना इतकं दुखावलेलं पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांची मेहनत फाइलला लावून ते निघाले. मला तर रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात रेहाना मॅडमनी पत्र उचलून पुन्हा वाचलं.

"थांबा. त्यांचं म्हणणं काय? वाचकाला तपासता यायला हवं. छापील किंवा इंटरनेटवर प्रसिद्ध झालेलं हवं. मग चाचांचं म्हणणं आपण इंटरनेटवर प्रसिद्ध करू! त्यांच्या नावानं, त्यांच्या संमतीनं. आणि आपणच ते केलंय हे संपादकांना उघड कळवू. लपवायचं काही नाही."

डॉक्टर दारातच थांबले. "पण वेबसाइट कुठाय आपल्याकडे?"

वेबसाइट होती एकट्या दामल्यांकडे. आंब्याची! हापूसच्या पेट्या घरपोच पाठवण्याची. पानभर आंबे लुकलुकायचे आणि वरून एक ओळ सरकत जायची. दामल्यांना विचारलं, तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. "डॉक्टर, चाचांसाठी अख्खं पान देतो. आंबे लुकलुकायचे थांबवतो!"

आणि खरंच थांबवले.

*

पान तयार झालं. चाचांचं बोलणं मॅडमनी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं. वर मराठी, खाली इंग्रजी, शेवटी नाव आणि पत्ता. पत्ता हॉस्पिटलचा दिला, कारण चाचा घरापेक्षा बंदरावर जास्त असायचे. प्रसिद्ध करण्याआधी चाचांना दामल्यांकडे बोलावलं.

ते चप्पल बाहेर काढून आत आले. दामले म्हणाले, "चाचा, चप्पल असू दे!" पण त्यांनी ऐकलं नाही.

मॅडमनी सगळं वाचून दाखवलं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "एक गोष्ट सुटली."

"कुठली, चाचा?"

"पानी किती कढत तां आपल्या चांगल्या हातान बघायचा. ज्याला काटा लागला त्याला कळत नाय, तो दुखण्यात असतो. तो म्हनंल सोसतंय, आनि भाजून घेईल. तां घाला आधी."

मॅडमनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी माझ्याकडे. बालदीत हात घालणारे चाचा डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आम्ही दोघींनी ते त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. पण ते त्यांनी का केलं, हे एकानंही विचारलं नव्हतं! वाक्य पानात घातलं, पेपरातही घातलं.

चाचांनी स्क्रीनवर हलकेच बोट ठेवलं. "हां कुठं कुठं दिसंल?"

"जगात कुठेही," दामले म्हणाले.

"कुवेतला?"

चाचांचा मुलगा कुवेतला होता. दामल्यांनी त्याला कळवलं. आठवड्याभरात दुकानात फोन आला, चाचांना बोलावून आणलं. पलीकडून मुलगा काय बोलला ते आम्हांला ऐकू आलं नाही. चाचा फक्त "हां, हां" म्हणत होते. फोन ठेवून म्हणाले, "तो बोलला, अब्बा, इथं साहेबाला दाखवला. साहेब बोलला, हा तुझा बाप?"

एवढं बोलून ते चप्पल शोधायला लागले, आणि ती समोर असूनही त्यांना बराच वेळ सापडली नाही.

*

पेपर पुन्हा गेला. सोबत डॉक्टरांचं पत्र: हे पान आम्हीच तयार करवलं, ते आंबे विकणाऱ्या वेबसाइटवर आहे, लेखकाला वैद्यकीय पदवी नाही, पण माहिती त्यांची आहे आणि श्रेयही त्यांचंच आहे. एकही गोष्ट झाकली नाही. टपालात टाकताना मी मनात म्हटलं, आता हे काही येत नाही परत.

पेपर स्वीकारला गेला!

अंक आला तेव्हा डॉक्टरांनी पहिलं पान उघडलंच नाही. थेट शेवट. संदर्भ क्रमांक अकरा. होडेकर इब्राहीम. पाकटाचा काटा लागल्यावर काय करावं. पुढे वेबसाइटचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख. एकच तारीख!

डॉक्टर अंक घेऊन स्कूटरवरून थेट बंदरावर गेले. लिलाव चालू होता. तो थांबवून त्यांनी अंक चाचांच्या हातात दिला. चाचांचे हात ओले होते, म्हणून त्यांनी तो आधी दुसऱ्याला धरायला सांगितला, हात पुसले आणि मग घेतला. त्या अंकाला पुढे कितीतरी दिवस मासळीचा वास येत होता. हॉस्पिटलच्या कपाटात तो अजून आहे. माझ्यानंतर आलेल्या मुलीला मी बजावून ठेवलंय, बाकी काहीही रद्दीत घाल, हा नाही.

*

आणि आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

अंक आल्यानंतर काही महिन्यांनी हॉस्पिटलच्या पत्त्यावर जाड लिफाफा आला. एका वेगळ्याच नियतकालिकाकडून. वर नाव, 'डॉ. इब्राहीम होडेकर'. आत कोणाचा तरी अप्रकाशित पेपर, समुद्री माशांच्या दंशावरच्या प्रथमोपचारांवर, आणि विनंतीपत्र: आपण या विषयातले जाणकार आहात, कृपया हा पेपर तपासून आपलं मत कळवावं.

डॉक्टर विद्वांसांनी उलट टपाली खरं ते लिहिलं. हे डॉक्टर नाहीत, मच्छीमार आहेत, पेपर त्यांना वाचून दाखवावा लागेल. उत्तर आलं, "लेखकाची त्याला हरकत नाही. आम्हांला त्यांचंच मत हवं आहे."

गुरुवारी दुपारी चाचा माझ्या खोलीत आले. चप्पल दाराशी. मी त्यांना माझी खुर्ची दिली. ती मी त्याआधी कोणाला दिली नव्हती, डॉक्टरांनासुद्धा. रेहाना मॅडम एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या. प्रस्तावना झाली, तक्ते झाले, आकडे झाले. चाचा मान हलवत होते, मधूनच "बरोबर" म्हणत होते. मग उपचारांचा भाग आला. काटा लागलेल्या जागी बर्फ लावावा, असं लेखकानं लिहिलं होतं.

"परत वाचा," चाचा म्हणाले.

मॅडमनी परत वाचलं.

"बर्फ?"

"हो चाचा, बर्फ."

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. "ह्याला काटा कधी लागलेला नाय. लिवा."

डॉक्टर जरा चुळबुळले. "मॅडम, हे इंग्रजीत जरा सौम्य करून..."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "जे खरं आहे ते लिहा."

मी टाइप केलं. खाली मत देणाऱ्याची माहिती भरायची होती. नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढचा रकाना आला आणि माझी बोटं थांबली.

"चाचा, इथे शैक्षणिक पात्रता विचारलीय. काय घालू?"

चाचांनी लुंगी घोट्यावरून थोडी वर घेतली आणि पाय माझ्या टेबलाच्या उजेडात धरला. पांढरे पडलेले जुने वण होते, एक टाचेजवळ, दोन पोटरीवर.

"तीन वेळा," ते म्हणाले.

मी तेच टाइप केलं.